उत्तरासाठी चार बोटं जागा

वाचनालयाच्या परतीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना कागदोपत्री एक चांगलं नाव होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कधी पडलंच नाही. सगळे त्यांना पानबाई म्हणायचे. समोर म्हणायचे आणि माघारीही तेच म्हणायचे, म्हणजे त्यात टिंगल फारशी नसावी.

नाव पडलं ते त्यांच्या एका खोडीमुळे. कुणी जाडजूड कादंबरी परत केली की बाई तारखेचा शिक्का मारायच्या, पुस्तक डाव्या हाताला सरकवायच्या आणि उजव्या हातानं एक कोरा फुलस्केप कागद खिडकीतून पुढे करायच्या.

"एक पान द्या. कसं वाटलं ते लिहा."

"छान आहे की."

"छान तर आजची हवाही आहे. पुस्तकात काय छान आहे ते लिहा."

मग समोरचा माणूस पळवाटा शोधायचा. मला लिहिता येत नाही, मी काय लेखक आहे, माझं अक्षर वाईट आहे. बाईंकडे प्रत्येकाचं उत्तर तयार असायचं. लेखकाचं काम लेखकानं केलंय, चारशे पानं लिहिलीत, आता वाचकाचं एक तरी येऊ द्या. आणि अक्षराचं म्हणाल तर डॉक्टरांचं वाचून लोक औषधंसुद्धा घेतात. असं म्हणून त्या पेनाचं टोपणही काढून द्यायच्या, म्हणजे पेन नाही ही सबब बाद.

हा नियम फक्त अद्भुत कादंबऱ्यांना होता. त्यामागे काही थोर तत्त्व नव्हतं. प्रवासवर्णन वाचणाऱ्याकडे पान मागितलं तर तो उद्यापासून यायचाच बंद होतो. पण दुसऱ्या खंडाच्या शेवटी ज्याची नायिका कड्याला लोंबकळते आहे, तो माणूस तिसरा खंड मिळावा म्हणून पान काय, वही भरून देतो. बाईंनी ही गरज बरोबर हेरली होती. पान दिल्याशिवाय पुढचा खंड नाही. पाटीवर असं कुठे लिहिलेलं नव्हतं आणि ग्रंथपालांना विचारलं असतं तर त्यांनी चष्मा पुसत हात झटकले असते. पण ग्रंथपालही गुपचूप रांगेत उभे राहून आपलं पान देत होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

या सगळ्या प्रकाराच्या केंद्रस्थानी एक सात खंडांची कादंबरी होती. वाचक तिला नुसतं 'कोठार' म्हणायचे. एका राज्यात माणूस वयात आला की त्याची सावली काढून घेतात आणि एका अवाढव्य कोठारात जमा करतात. कोठाराला एक लोखंडी दार, बाजूला सावल्या आत टाकायचा एक अरुंद झरोका आणि दाराशी एकटा राखणदार. कुलुपं बनवणाऱ्याची एक मुलगी आपली सावली परत आणायला निघते. वाचकांनी तिचं नाव किल्लीवाली ठेवलं होतं. हे प्रकरण अकरा वर्षं चाललं होतं, कारण खंड दीड-दोन वर्षांनी एक निघायचा. या अकरा वर्षांत बाईंनी गोळा केलेल्या पानांच्या चौदा फाइली झाल्या.

फाइली कपाटात पडून राहायच्या नाहीत. त्या पुस्तकांसारख्या घरोघर फिरायच्या. प्रत्येकानं पानाच्या तळाशी आडवी चार बोटं ठेवून तेवढी जागा कोरी सोडायची, हा बाईंचा दुसरा नियम. ती जागा उत्तरासाठी. ज्याला पटलं नाही त्यानं तिथं लिहायचं. तोंडी वाद घालायचा नाही, कारण बोललेलं हवेत विरतं आणि राग तेवढा मागे राहतो, असं बाईंचं मत होतं. शिंप्यानं एकदा किल्लीवालीच्या झग्यावर तीन पानं लिहिली. झग्याला सात खिसे आहेत तर कापड किती लागलं असेल, अस्तर कशाचं असेल, वगैरे. खाली चार बोटांत गणिताच्या मास्तरांनी लिहिलं, 'घोडा एका दिवसात दोनशे मैल पळाला त्याचं कुणाला काही नाही, आणि तुम्हाला खिशांची पडली आहे.' त्याखाली उरलेल्या अर्ध्या बोटात शिंप्यानं लिहिलं, 'घोडा मी शिवत नाही.' पानाच्या कडेला बाईंचा लाल पेनातला शेरा असायचा. 'दोघांनी पुढच्या वेळी अजून एक पान द्यावे.'

आणि लिफ्टवाले. ते बाईंचे यजमान. मोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊला वाचनालयात यायचे आणि इतर वाचकांसारखे रांगेत उभे राहायचे. घरी एका ताटलीतले शेंगदाणे खाणारी ही दोन माणसं खिडकीवर मात्र एकमेकांना ओळख दाखवायची नाहीत. "एक पान द्या," बाई म्हणायच्या. "देतो," ते म्हणायचे. लोकांना याचं भारी हसू यायचं.

लिफ्टवाल्यांची पानं सगळ्यात लांब असायची आणि सगळी दारावर असायची. दुसऱ्या खंडात कोठाराच्या दाराचं वर्णन अडीच पानं आहे. बाकीच्यांनी ती अडीच पानं भरभर उलटली. लिफ्टवाल्यांनी त्यावर नऊ पानं लिहिली, आकृतीसकट. दार वर उचललं जातं, दोन साखळ्यांवर. एक साखळी डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये चाळीस पावलांचं अंतर, आणि दोन्ही एकाच वेळी ओढाव्या लागतात. म्हणजे राखणदार एकटा असेपर्यंत दार त्यालासुद्धा उघडता येणार नाही. 'लोकांना वाटतं तो दार उघडत नाही,' त्यांनी लिहिलं होतं. 'त्याला ते उघडता येत नाही. दुसरा माणूस मिळेपर्यंत तो बिचारा नुसता उभा आहे.' त्या पानाखालची चार बोटं भरून कागदाची मागची बाजूही उत्तरांनी भरली होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. पानबाईंनी 'कोठार' वाचलंच नव्हतं. सात खंडांतला एकही नाही. पहिला खंड त्यांनी एकदा उघडला होता, अकराव्या पानावर एक कोल्हा बोलायला लागला आणि बाईंनी पुस्तक मिटलं. घरातल्या माणसांचं बोलणं ऐकायला वेळ नाही, कोल्ह्याचं कुठे ऐकत बसू, म्हणाल्या. पण पानं मात्र त्या एकूण एक वाचायच्या. जेवताना, दूध तापताना, बसमध्ये. पुस्तकापेक्षा पुस्तक वाचून आलेला माणूस त्यांना आवडायचा, असं म्हणू या. चौदा फाइली वाचून त्यांना कथा इतकी पाठ झाली होती की त्यांचे शेरे वाचून कुणाला शंकाही आली नसती.

लिफ्टवाले घरी म्हणायचे, "अगं, एकदा वाच ना. मग भांडू."

"भांडायला आपल्याला पुस्तक कशाला लागतं?"

"ते कोबीवरून असतं. एकदा चांगल्या विषयावर भांडू."

"बघू," बाई म्हणायच्या. संसारात 'बघू'चा अर्थ काय होतो हे दोघांनाही ठाऊक होतं.

सातवा आणि शेवटचा खंड येणार असं जाहीर झालं, तेव्हा बाईंनी नवीन टूम काढली. शेवट काय होईल याचा अंदाज प्रत्येकानं लिहायचा आणि पाकिटात बंद करून द्यायचा. पाकिटावर आपलं टोपणनाव. खंड वाचून झाला की ज्याचं त्यानं पाकीट सगळ्यांसमोर उघडायचं आणि मोठ्यानं वाचायचं. वाचल्याशिवाय कुणीही पाकिटाला हात लावायचा नाही, मग तो कुणीही असो. सत्तावीस पाकिटं आली. लिफ्टवाल्यांनी आपलं पान तीन संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं, शाळेतल्या मुलासारखा डावा हात आडवा धरून. बाई भाजी चिरत होत्या. "एवढं काय झाकताय? मला काय कळणार आहे त्यातलं," म्हणाल्या.

"म्हणूनच झाकतो. तू वाचशील तेव्हा कळायला हवं," ते म्हणाले.

सत्तावीस पाकिटं बाईंनी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. त्यानंतर नऊ आठवड्यांनी लिफ्टवाले गेले. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर काम संपवून, हत्यारं पिशवीत भरून, लिफ्टशेजारच्या स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत. दुपारचे तीन वाजले होते. लिफ्ट चालू झाली होती. त्यांना त्याच लिफ्टनं खाली आणलं.

बाई रडल्या नाहीत. लेक दुसऱ्या गावाहून आली, ती रडली. नणंद रडली. बाईंनी दोघींना पाणी दिलं. "आई, रडून घे गं एकदा, मोकळी होशील," लेक म्हणाली, आणि बाईंनी खरंच प्रयत्न करून पाहिला, पण काही आलं नाही. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. दुःख होत नव्हतं. काहीच होत नव्हतं. नवव्या दिवशी त्या कामावर गेल्या. शिक्क्याची तारीख बदलायची राहिली होती, ती नऊ घरं पुढे केली आणि खिडकी उघडली.

"एक पान द्या," त्या म्हणत राहिल्या. आवाज तोच होता. पेनाचं टोपणही काढून द्यायच्या. पण पानं वाचणं त्यांनी बंद केलं. आलेलं पान भोकं पाडून फाइलीत ओवायच्या आणि फाइल पुढे द्यायच्या. महिना झाला तरी एकाही कागदाच्या कडेला लाल शेरा दिसला नाही. शिंप्यानं मुद्दाम एका पानात किल्लीवालीला राखणदाराची बहीण करून टाकली, बाई चिडतात का बघायला. बाईंनी भोकं पाडली आणि पान ओवलं.

सातवा खंड आला. वाचनालयानं चार प्रती घेतल्या आणि त्या चार प्रतींसाठी शहाणीसुरती माणसं भांडली. दोन-अडीच महिन्यांत सगळ्यांचा वाचून झाला. रविवारी दुपारी वाचनकक्षातल्या लांब टेबलाभोवती पाकिटं उघडायची बैठक बसू लागली. एकाचाही अंदाज धड निघाला नाही. मास्तरांनी गणित मांडून दाखवलं होतं की किल्लीवाली हिवाळ्याआधी कोठाराशी पोचूच शकत नाही. ती तिसऱ्या प्रकरणातच पोचली होती. लोक पोट धरून हसले. बाई टेबलाच्या टोकाला बसून उघडलेली पानं गोळा करत होत्या. शेवट काय झाला हे त्यांच्या कानावर पडत होतं, पण आत जात नव्हतं. चार रविवारांत सव्वीस पाकिटं संपली. कपाटात एक राहिलं.

त्या चौथ्या रविवारी शिंपी खाकरला. हा माणूस वर्षानुवर्षं लिफ्टवाल्यांशेजारी बसत आला होता. आता त्याच्या शेजारची खुर्ची रिकामीच असायची.

"ताई," तो म्हणाला, "दादांचं पाकीट राहिलंय. ते तुम्हीच उघडा. लिहिणारा नाही, पण त्याच्या घरचं माणूस आहे. आणि तुम्ही तर सगळं वाचलंय."

बाईंनी पानांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला.

"मी वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"सातवा ना? मग वाचा, आम्ही थांबू."

"सातवा नाही. सहावा नाही. पहिलासुद्धा नाही. अकरा पानं वाचली होती."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, मग अकरा वर्षं आमच्या पानांवर शेरे कोण मारत होतं?"

"मीच. पानं वाचली होती. पुस्तक नव्हतं वाचलं."

ज्या बाईनं 'सहाव्या प्रकरणात राखणदार हसतो तो आनंदानं नव्हे, पुन्हा वाचा' असा शेरा मारून मास्तरांना अख्खा खंड पुन्हा वाचायला लावला होता, तिनं तो खंड उघडलाही नव्हता. आधी एकजण हसला, मग दोघंतिघं, मग मास्तरही. बाई हसल्या नाहीत. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

"जाऊ द्या ताई," शिंपी म्हणाला. "नियम तुमचाच आहे. तुमच्यापुरता सोडा. नवऱ्याचं पाकीट उघडायला परवानगी कसली?"

"वाचल्याशिवाय हात लावायचा नाही, मग तो कुणीही असो," बाई म्हणाल्या. "मीच लिहिलं होतं."

घरी लेकीचा फोन आला तेव्हा तीही तेच म्हणाली. "आई, उघड ना गं. बाबांनी तुझ्यासाठी काहीतरी लिहिलं असेल. शेवटचं आहे ते." मग म्हणाली, "मला तरी कळू दे."

बाईंनाही तसंच वाटत होतं. म्हणजे वाटत नव्हतं, पण डोक्यानं कळत होतं, की तीन संध्याकाळी हात आडवा धरून लिहिलेल्या कागदात त्यांच्याकरता एखादी ओळ असणार. माणूस चौथ्या मजल्यावर स्टुलावर बसून एकटा गेला. जाताना कुणाशी एक शब्द बोलला नाही. त्याचा उरलेला शब्द त्या पाकिटात होता, आणि पाकीट नियमानं बंद होतं. नियम मोडला तर तो शब्द चोरून घेतल्यासारखा होईल. हे वेडं म्हणा, पण ज्या बाईनं अकरा वर्षं ग्रंथपालांनासुद्धा पानाशिवाय सोडलं नाही, तिला दुसरं कसं सुचणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कार्डावर पहिला खंड घेतला आणि स्वतःच शिक्का मारला.

वाचायला सात महिने लागले. पहिले दोन खंड त्यांनी निवडणाला बसावं तसे वाचले, खडा दिसला तर बाजूला काढायचा, बाकी हात चालू. कोल्हा बोलला, त्यांनी बोलू दिलं. मजा वगैरे काही आली नाही. एवढंच लक्षात यायला लागलं की पुस्तक पानांसारखं नाही. शिंप्यानं तीन पानं ज्या झग्यावर लिहिली तो झगा पुस्तकात दीड ओळीत संपत होता, आणि खिसे पाचच होते. दोन त्यानं पदरचे शिवले होते. मास्तरांचा दोनशे मैलांचा घोडा मात्र खरोखरच तेवढा पळत होता. दाराची अडीच पानं आली तेव्हा बाईंनी ती सावकाश वाचली. त्या आकृत्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. डावी साखळी, उजवी साखळी, मधे चाळीस पावलं. सगळं लिफ्टवाल्यांनी सांगितलं होतं तसंच होतं.

पान मात्र बाईंनी एकाही खंडाचं दिलं नाही. खिडकीच्या दोन्ही बाजूंना त्याच होत्या, मागणार कोण?

चौथ्या खंडात दोनशे सहाव्या पानावर मोठं वादळ होतं. सगळ्यांनी त्या वादळावर लिहिलं होतं, बाईंना त्यावरची सहा पानं आठवत होती. वादळाच्या मधोमध, एका लांब वाक्याच्या शेपटाला, लिहिलं होतं की कोठाराच्या उजव्या अंगाची साखळी तुटून खंदकात पडली. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग उठून सगळ्या फाइली खाली घेतल्या आणि चौथ्या खंडाची पानं चाळली. साखळीबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं. लिफ्टवाल्यांनीही नाही. त्यांचं चौथ्या खंडावरचं पान दाराच्या पायाला गंज चढेल का, यावर होतं. बाईंनी फाइली परत लावल्या आणि पुढे वाचायला लागल्या.

सातवा खंड संपला तो एका शनिवारी, दुपारच्या सुट्टीत, खिडकीशी. किल्लीवाली झरोक्यातून आत शिरते, कारण सावली नसलेलं माणूस तेवढं बारीक असतं. आत बसून ती एकेक सावली बाहेर टाकते, राखणदार बाहेर त्या झेलून ज्याच्या त्याला देतो. शेवटी तिची तिला सापडते. सावली अंगाला चिकटते, आणि आता ती झरोक्यात मावत नाही. दार उघडत नाही. कथा संपते तेव्हा राखणदार बाहेर झरोक्याशी बसून तिला सांगत असतो की आज आभाळ कसं आहे. बाईंनी पुस्तक मिटलं, सुट्टी संपायला सहा मिनिटं होती, तेवढ्यात डबा खाऊन घेतला.

रविवारी सगळे आले. शिंपी, मास्तर, ग्रंथपाल, इतर दहा-बारा जण. लेक गाडी करून आली होती आणि भिंतीशी बसली होती. बाईंनी कपाटातून पाकीट आणलं, कात्रीनं कड कापली. आत चार फुलस्केप कागद होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. त्यांनी आधी पहिल्या ओळीवर नजर टाकली, मग शेवटच्या. मग मोठ्यानं वाचायला लागल्या.

त्यांच्याकरता एकही ओळ नव्हती. लेकीकरताही नव्हती. हा 'कोठार'च्या चाहत्यानं 'कोठार'च्या शेवटावर लिहिलेला लेख होता, पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत. दाराचं वजन किती, साखळीचा जोर किती, माणसाचा किती. बाई बातम्या वाचाव्यात तशा वाचत होत्या. लेकीनं मान खाली घातली.

"'तेव्हा माझा अंदाज असा,'" बाई वाचत होत्या, "'की किल्लीवाली आत जाणार नाही. तिला कळेल की राखणदार वैरी नाही, त्याला फक्त दुसरं माणूस हवं आहे. ती उजवी साखळी धरेल, तो डावी धरेल. दोघं मिळून ओढतील आणि दार उघडेल. एकट्यानं होणारं हे काम नाही. लेखकानं दोन साखळ्या उगाच केलेल्या नाहीत.'"

बाई थांबल्या.

"चूक आहे," त्या म्हणाल्या.

"अंदाज सगळ्यांचेच चुकले, ताई," शिंपी हळूच म्हणाला.

"तसं नाही. हा चुकायलाच नको होता. चौथ्या खंडात, पान दोनशे सहा, उजवी साखळी तुटली आहे. खंदकात पडली आहे. स्पष्ट लिहिलंय. ती कशी धरणार उजवी साखळी? आहेच कुठे?" आवाज चढला होता. वर्षभरात तो पहिल्यांदा चढला. "एवढी वर्षं लिफ्टची कामं केलीत, आणि साखळी तुटलेली दिसली नाही तुम्हाला? नऊ पानं दारावर लिहायची, आणि साखळी तुटल्याचं एक वाक्य वाचायचं नाही?"

बाई ज्याच्याशी बोलत होत्या तो टेबलाशी नव्हता. त्याची खुर्ची तेवढी होती, शिंप्याच्या शेजारी, आणि बाई सरळ तिच्याकडे बघत होत्या.

"दोघांनी मिळून म्हणे," त्या म्हणाल्या. "असं नाही होत ते."

मग शिंपी उठला, कपाटाशी गेला आणि एक कोरा फुलस्केप कागद आणून त्यानं बाईंच्या पुढे ठेवला. खिशातून पेन काढलं, टोपण काढून दिलं.

"सात खंड घेतलेत, एकाचंही पान आलं नाही," तो म्हणाला. "एक पान द्या, ताई. कसं वाटलं ते लिहा."

"मला लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

त्या लिहायला बसल्या. पाऊण तास लिहीत होत्या. कुणी उठून गेलं नाही. वर त्यांनी लिहिलं, 'लिफ्टवाल्यांचा अंदाज का चुकला'. वादळ लिहिलं, पान दोनशे सहा लिहिलं, तुटलेली साखळी लिहिली. राखणदाराबद्दल लिहिलं, की दार उघडणार नाही हे त्याला चौथ्या खंडापासून ठाऊक होतं, तरी तो डाव्या साखळीपाशी उभा राहिला, आणि हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. लिहिता लिहिता कागद भरत आला. तेव्हा अकरा वर्षांच्या सवयीनं त्यांनी तळाशी डाव्या हाताची चार बोटं आडवी ठेवली, त्याच्या वर शेवटची ओळ संपवली, आणि हात उचलला.

खाली चार बोटं जागा कोरी राहिली होती. उत्तरासाठी.

बाईंनी त्या जागेकडे पाहिलं, आणि मग त्या रडल्या. लेक धावत आली, तिनं खांदे धरले, ग्रंथपाल पाणी आणायला उठले. बाई रडतच होत्या, पण डोळ्यांतलं पाणी त्या जागेवर पडू नये म्हणून कागद त्यांनी लांब सरकवून ठेवला होता.